पोच द्या: स्कोअररच्या वहीतून रोजचा आनंद कसा टिपायचा

सकाळचे पावणेअकरा. नागपूरच्या दक्षिण टोकाच्या मैदानावर दोन क्लबांची क्रिकेट मॅच चालू होती, मी स्कोअररच्या टेबलाशी बसले होते आणि माझ्या डब्याचं झाकण काही केल्या निघत नव्हतं. पाच-सात सेकंद गेले असतील. मान वर केली तर अख्खं मैदान माझ्याकडे बघत होतं. अंपायर दोन्ही हात आडवे पसरून उभे, बॉलर रन-अपच्या टोकाला थांबलेला, स्लिपमधला पोरगा कमरेवर हात ठेवून. वाइड होता, म्हणजे बॅट्समनच्या आवाक्याबाहेरून गेलेला चेंडू. मी घाईघाईनं हात वर केला, त्यांनी हात खाली घेतले आणि खेळ पुढे सुरू झाला.

चहाला ते म्हणाले, "ताई, वाइड मी देतो, पण तुमचा हात वर होईस्तोवर तो हवेतच असतो." रागावले नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त लाज वाटली. क्रिकेटच्या नियमातच आहे हे. अंपायरनं केलेल्या प्रत्येक इशाऱ्याची स्कोअररनं वेगळी पोच द्यायची, आणि ती मिळेपर्यंत अंपायरनं खेळ पुढे न्यायचा नाही.

'कृतज्ञता' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाल, श्रीफळ आणि बंद न होणारा माइक येतो. 'पोच' मात्र घरातला शब्द आहे. पार्सलची पोच, पैशाची पोच, लेकीचा गाडीतून उतरल्यावरचा "पोचले गं" असा फोन. मला मिळालं, मी पाहिलं, एवढंच त्यात असतं. त्या वाइडनंतर मी हेच रोजच्या जगण्यात करून बघायला लागले. पाच वर्षं होतील आता. मैदानावरच्या बायका विचारतात की तू नेमकं काय लिहीत असतेस, म्हणून इथे सविस्तर सांगते.

आधी मी कोण ते. वय एक्कावन्न, प्रतापनगरात राहते, एका खासगी कंपनीत हिशेब बघते. मुलगा दहा वर्षांचा असताना त्याला क्रिकेटच्या कॅम्पला सोडायला जायची. दोन तास बाकावर नुसतं बसून काय करणार, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या स्कोअरर काकांकडून स्कोअरिंग शिकले. मुलानं अकरावीत क्रिकेट सोडलं, आता तो पुण्यात नोकरी करतो. मी मात्र पेन्सिल सोडली नाही.

आधी खेळ, मग वही

बरेच जण उलटं करतात. नवी डायरी आणतात, गादीवर मांडी घालून 'आज मी कशासाठी आभारी आहे' असं लिहायला बसतात आणि चौथ्या दिवशी 'कुटुंब, आरोग्य, निसर्ग' यापुढे पेन सरकत नाही. लिहायला काही घडावं लागतं. आणि दिवसात हमखास काही घडवायचं असेल तर खेळाइतकी स्वस्त सोय दुसरी नाही. अर्ध्या तासात दहा वेळा हरणं, चार वेळा जिंकणं, दोन भांडणं आणि एक खो-खो हसणं, हे ऑफिसात आठवडाभरातही होत नाही.

खेळ कुठला निवडायचा? माझी एकच अट आहे: आपण नाही गेलो तर कुणाचातरी खेळ अडला पाहिजे. म्हणून ट्रेडमिल माझ्या हिशेबात बसत नाही. ती आपली वाट बघत नाही. अंबाझरी तलावाला एकट्यानं फेऱ्या मारणं चांगलंच, पण ठरलेली जोडीदारीण असेल तरच ते डिसेंबरातही टिकतं, जेव्हा पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो आणि रजई सोडवत नाही. मी बॅडमिंटन निवडलं, कारण कॉलनीच्या मोकळ्या जागेत दोन लोखंडी खांब आधीच रोवलेले होते. एवढंच कारण. घरापासून चालत चार मिनिटं. दहा मिनिटांपेक्षा लांबचं मैदान निवडू नका. पहिला महिना उत्साह नेतो, दुसऱ्या महिन्यात नुसतं अंतर उरतं.

आणि खेळ असा निवडा की ज्यात तुम्ही वाईट असाल. गंमत नाही करत. ज्यात आपण तरबेज असतो तिथे प्रत्येक चूक टोचते. मी बॅडमिंटनमध्ये इतकी वाईट होते की फूल नेटपलीकडे गेलं तरी टाळ्या पडायच्या. (फूल म्हणजे शटल. आमच्याकडे ते कुणी शटल म्हणत नाही.) मोकळ्या जागेत पिसांचं फूल घेऊ नका, वाऱ्यावर जातं आणि दोन दिवसांत पिसं झडतात. नायलॉनचं घ्या.

चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू करत असाल तर आधी बीपी, शुगर बघून घ्या, गुडघ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि पहिले दोन आठवडे नुसतं चाला. मी हे केलं नाही. तिसऱ्याच दिवशी पोटरी धरली आणि दहा दिवस जिना उतरताना कठडा धरून उतरले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आम्ही चार सकाळी चाळीस-चाळीस मिनिटं खेळतो, म्हणजे १६०. वरची दहा मिनिटं नेट कुणी बांधायचं यावरच्या वादात जातात.

गुडघे अगदीच साथ देत नसतील तर कॅरम आहे, बुद्धिबळ आहे. बुद्धिबळाला कमी लेखू नका, विशेषतः नागपुरात. २८ जुलै २०२५ ला आपल्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून, एकोणीस वर्षांची असताना. त्या विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. त्या दिवशी आमच्या कॉलनीत ज्यांना घोडा अडीच घरं चालतो एवढंच ठाऊक होतं, तेसुद्धा तज्ज्ञ झाले होते. पण मला बुद्धिबळातली आवडते ती निराळीच गोष्ट. संथ डावात खेळाडूनं आपली चाल लिहायची असते आणि समोरच्याचीही. स्वतःच्याच हातानं, स्वतःच्याच कागदावर, प्रतिस्पर्ध्याची चाल. आपल्याला मात देणारी असली तरी.

वहीत काय लिहायचं

साधी शंभर पानी वही घ्या. फोन नको, कारण फोन हातात घेतला की पोच द्यायच्या ऐवजी आपणच कुणाची तरी पोच शोधत बसतो. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे काय आलं ते, उजवीकडे पोच दिली की नाही ते. दिवसाला जास्तीत जास्त तीन ओळी.

स्कोअरर 'छान चेंडू' असं कधी लिहीत नाही. कुणी टाकला, कुणी खेळला, किती धावा, एवढंच लिहितो. तुमच्या ओळीतही कोण, काय आणि किती हे तिन्ही आलं पाहिजे. माझ्या वहीतल्या काही ओळी जशाच्या तशा देते:

'बाजूच्या काकूंनी माझी सर्व्हिस तीनदा परत मारली, चौथी मुद्दाम सोडली. मला कळलं हे त्यांनाही कळलं.'

'ऑटोवाल्या भाऊंनी शंकरनगर चौकात ऑटो थांबवून माझी पडलेली ओढणी उचलून दिली. मागून पाच गाड्यांचे हॉर्न.'

'रॅली एकवीस फटक्यांची. आजवरची सगळ्यात लांब. हरलो.'

'यांनी कूलरमध्ये न सांगता पाणी भरलं. दोन बादल्या.'

शेवटची ओळ मे महिन्यातली आहे, आणि ज्यांनी नागपूरचा मे काढलाय त्यांना त्या दोन बादल्यांची किंमत सांगायची गरज नाही.

आकडा का, असं एकीनं विचारलं. आकडा टाकायचा म्हटलं की आपण खरंच बघतो. 'सासूबाई माझ्यासाठी खूप करतात' हे न बघताही लिहिता येतं. 'आईंनी माझ्यासाठी तीन संत्री सोलून, बिया काढून ठेवल्या' हे लिहायला ती वाटी बघावी लागते.

काही दिवस रिकामे जातील. त्या दिवशी खोटं लिहू नका, टिंब द्या. स्कोअरबुकात धाव न निघालेल्या चेंडूला टिंबच देतात. आणि एक सुंदर रीत आहे: ओव्हरमध्ये सहाच्या सहा टिंबं आली, म्हणजे मेडन झाली, की स्कोअरर ती टिंबं रेघांनी जोडून इंग्रजी 'एम' काढतो. त्या मेडनमध्ये विकेटही पडली असेल तर तीच टिंबं 'डब्ल्यू' होतात. गेल्या पावसाळ्यात आई दवाखान्यात होत्या तेव्हा माझ्या वहीत ओळीनं सहा टिंबं पडली. सातव्या दिवशी खुर्चीवर बसल्या बसल्या मी ती जोडली. छान 'एम' झाला. धाव निघाली नाही, पण आऊटही झालो नाही. आई दोन दिवसांनी घरी आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "काहून वं, नेट कोण बांधून राहिलं मग?"

लिहायचं कधी? मी खेळून आल्यावर, आंघोळीआधी लिहिते, कारण तेव्हा सगळं ताजं असतं. रोज लिहिलंच पाहिजे असंही नाही. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, मिळालेल्या चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. दुसऱ्या गटाला कटकटी लिहायला. पहिला गट अधिक समाधानी तर निघालाच, पण त्यांनी व्यायामही जास्त केला. म्हणजे खेळानं वहीला मजकूर मिळतो आणि वही खेळायला परत ढकलते.

पोच द्यायची कशी, हे खरं अवघड

डावीकडचा रकाना भरणं सोपं. उजव्या रकान्याशी आपली मराठी माणसं अडतात. घरच्या माणसाला 'आभारी आहे' म्हटलं तर तो आधी आपल्या कपाळाला हात लावून ताप बघेल. मी एकदा सासूबाईंना 'थँक यू आई' म्हटलं. त्यांनी भाजी हलवणं थांबवून विचारलं, "काय झालं? काही मोडलं काय?"

तेव्हा शिकले की आपल्याकडे पोच म्हणजे आभार नव्हेत, दिसलं म्हणून सांगणं. "आई, आज वरणावर सांबार अगदी ताजा होता." बस. त्यांना कळतं की मला कळलं. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते वेगळं.) मैदानावरही तसंच. "तुमचा तो ड्रॉप मला दिसलाच नाही" हे "मस्त खेळलात"पेक्षा दसपट पोचतं. ज्याच्याबद्दल आहे त्याला, त्याच दिवशी, त्याच जागी, एका वाक्यात. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलाचं चित्र पाठवलंत तर ती पोच धरू नये, असं माझं मत आहे आणि त्यावरून माझं दोघींशी वाजलंही आहे.

समोरच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या खेळाची पोच सगळ्यात जड जाते. ती शिकायला मी जामठ्याच्या स्टेडियमवर गेले असं म्हणायला हरकत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर विदर्भ आणि केरळ यांच्यात रणजीची फायनल होती, आपल्याच मैदानावर. मी दोन दिवस रजा टाकली आणि वही घेऊन गेले, कुणी सांगितलं नसताना. दानिश मालेवारचे १५३ लिहिताना हात थांबत नव्हता. पण मग केरळची बॅटिंग आली. त्यांच्याकडून आदित्य सरवटे खेळत होता. आपलाच, विदर्भाला दोनदा रणजी जिंकून देणाऱ्या संघातला. त्यानं ७९ केल्या. सचिन बेबी ९८ वर बाद झाला तेव्हा आजूबाजूचे सगळे उड्या मारत होते आणि माझा हात 'नऊ, आठ' असे आकडे लिहिताना जरा जड झाला. दोन धावांनी शतक हुकलेल्या माणसाची पोच कोण देणार? मी टाळ्या वाजवल्या. बाजूचा पोरगा म्हणाला, "काकू, तुम्ही कोनाच्या बाजूनं आहात?" पहिल्या डावात विदर्भ ३७९, केरळ ३४२. मॅच अनिर्णित राहिली आणि त्या ३७ धावांच्या आघाडीवर रणजी तिसऱ्यांदा विदर्भाकडे आली. १९५७-५८ पासून खेळणाऱ्या आपल्या संघाला पहिलं जेतेपद १ जानेवारी २०१८ ला मिळालं होतं. साठ वर्षं बिचाऱ्यांनी टिंबंच जोडली.

तक्रारींचं काय करायचं

त्या दाबायच्या नाहीत. वहीचं शेवटचं पान मी 'मारबत' म्हणून ठेवलं आहे. बाहेरच्यांना सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत चालू वर्षाच्या रागाचे बडगे, म्हणजे आणखी पुतळे असतात, आणि लोक ओरडतात, 'इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!' मग शहराबाहेर नेऊन जाळतात. आमच्या पूर्वजांना ठाऊक होतं की मनातलं आधी बाहेर काढायला एक जागा लागते.

म्हणून शेवटच्या पानावर बिनधास्त लिहा. माझ्या पानावर हेही आहे: 'ती दर वेळी लाइनवरचं फूल आऊट म्हणते. दर वेळी.' रविवारी ते पान वाचायचं आणि दोन ढीग करायचे. जे नुसतं ठणकतं ते फाडून चुलीत. गॅस असेल तर कचऱ्यात, उगाच धूर करू नका. जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते मात्र फाडायचं नाही. आमच्या मैदानाजवळचा दिवा आठ महिने बंद होता. तेव्हा 'अंधारातही खेळता येतं याबद्दल आभारी' असलं काही आम्ही लिहिलं नाही. सहा जणींनी सह्या करून अर्ज दिला, तीन वेळा पाठपुरावा केला, आणि दिवा लागला तेव्हा शिडीवर चढलेल्या दादांना गरम तर्री-पोहे खाऊ घातले. अर्ज हीसुद्धा नोंदच, आणि पोहे ही पोच.

आणखी एक, थोडक्यात पण मनापासून. वही, खेळ, हवा, मैत्रिणी सगळं असूनही कित्येक आठवडे काहीच गोड लागत नसेल, झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर ते टिंबं जोडण्याचं काम नाही. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास असते. आमच्यातल्या एकीनं फोन केला होता. ती आता सर्व्हिस माझ्यापेक्षा बरी करते.

उन्हाळ्याचा बंदोबस्त

नागपुरात कुठलीही चांगली सवय एप्रिलमध्ये मरते. पारा पंचेचाळीसवर गेला की सगळे 'जूनमध्ये बघू' म्हणतात, आणि जूनमध्ये पाऊस येतो. आम्ही एप्रिलपासून खेळ सव्वापाचला सुरू करतो आणि साडेसहाला ऊन खांबावर आलं की थांबतो, डाव अर्धा असला तरी. प्रत्येकीनं लिटरभर पाणी आणायचं, एकीनं आळीपाळीनं पन्ह्याची बाटली. डोकं दुखलं, मळमळलं की खेळ तिथेच बंद. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत मैदान पूर्ण बंद. तेव्हा माझ्या हॉलमध्ये कूलरसमोर कॅरम चालतो, आणि वही चालूच राहते. खरं तर वर्षभरातल्या माझ्या सगळ्यात भरलेल्या पानांत नवतपाची पानं आहेत, कारण माणसं कोंडली की एकमेकांना जास्त दिसतात. भांडतातही जास्त. मारबतीचं पान दोन्ही बाजूंनी भरतं.

महिनाअखेरीला मी बेरीज करते, सवयच तशी. स्कोअरबुकात बॅट्समनच्या धावा आणि अवांतर मिळून येणारा आकडा एकूण धावसंख्येशी जुळावा लागतो, नाहीतर स्कोअररला जेवण गोड लागत नाही. मी माझ्या ओळींत मीच कमावलेलं किती आणि अवांतर किती ते मोजते. म्हणजे आपली बॅट लागलेलीच नाही, पण खात्यात जमा झालं ते. गेल्या महिन्यात एकेचाळीस ओळींपैकी एकतीस अवांतर निघाल्या. मुलाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आई, म्हणजे तू बॅटिंग करतच नाहीयेस." मी म्हटलं, बाबू, तुझा हा फोन बत्तिसावा.

उद्या पावणेसहाला नेट बांधायची पाळी माझी आहे. दोरीला मागच्या वेळी कुणीतरी सुटणार नाही अशी गाठ मारून ठेवली आहे. कुणी, ते मला ठाऊक आहे. मारबतीच्या पानावर नाव लिहून झालंय.